फळावाचून गेलेले कर्म व्यर्थ काय?

आयुष्याच्या उतरणीस लागलेला मनुष्य स्वतःस दोन प्रश्न विचारू लागतो. ‘मी काय केले?’ हा पहिला आणि ‘मला काय मिळाले?’ हा दुसरा. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न भिन्न आहेत. पण बहुतेकांच्या मनात दुसरा प्रश्न पहिल्यास गिळून टाकतो. जे मिळाले नाही ते केलेच नव्हते, असा हिशेब मन मांडू लागते. तीस वर्षे निष्ठेने नोकरी केलेला गृहस्थ शेवटची बढती हुकली एवढ्यावरून ती तीस वर्षे वाया गेली असे म्हणतो. मुलासाठी रात्रीचा दिवस केलेली माता, तो परीक्षेत मागे पडला म्हणून स्वतःस दोष देते. तेव्हा, ज्या कर्माचे फळ हाती आले नाही ते कर्म व्यर्थ गेले काय, हा प्रश्न पंडितांचा नसून घरोघरीचा आहे.

‘फळाकडे पाहू नये’ असे उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेही असेल. तथापि एक अडचण प्रांजलपणे मान्य केली पाहिजे. हे उत्तर पुष्कळदा अशा माणसांच्या तोंडून ऐकू येते की ज्यांच्या पदरात फळ आधीच पडलेले आहे. भरल्या पोटी उपवासाची थोरवी सांगणे कठीण नाही. म्हणून ह्या विचाराची परीक्षा करावयाची तर ज्याला फळ मिळालेच नाही, अशा माणसाच्या चरित्रावर ती केली पाहिजे. तो माणूस आपल्या परिचित परिभाषेपासून दूर असेल तर अधिकच बरे. कारण मग शब्दांच्या सवयीने आपली दिशाभूल होणार नाही. असा एक माणूस आम्हांस अमेरिकेच्या क्रीडाक्षेत्रात आढळतो.

अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळतात किंवा फेकतात. दोन्ही बाजूंस अकरा अकरा खेळाडू असतात आणि मैदान शंभर यार्ड लांबीचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर बहुधा तो प्रतिपक्षास द्यावा लागतो. ह्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू सेनापतीच्या जागी असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो कोणास द्यावयाचा, कोणाकडे फेकावयाचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचे असते, आणि त्याच वेळी समोरची धिप्पाड माणसे त्याला आडवे पाडण्यासाठी धावून येत असतात.

व्यावसायिक खेळाची तेथील मुख्य संस्था म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. तिच्यात ३२ संघ आहेत. हंगामापूर्वी प्रत्येक संघ ९० खेळाडूंपर्यंत सराव घेतो आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांतून ५३ ठेवून बाकीच्यांस निरोप देतो. एके सकाळी कोणीतरी येऊन सांगतो, प्रशिक्षकांनी बोलावले आहे, डावपेचांची वही बरोबर घेऊन या. वही परत मागितली की नोकरी संपली, हे सर्वांस ठाऊक असते. करार कितीही वर्षांचा असो, त्यातील ज्या रकमेची हमी दिलेली नसेल तिचा भरवसा नाही. बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द थोड्याच वर्षांत आटोपते.

अशा व्यवस्थेत एक वर्ग निर्माण होतो, त्यास तेथे ‘जर्नीमन’ म्हणतात. हल्ली लोक ह्या शब्दाचा संबंध प्रवासाशी जोडतात, कारण असा खेळाडू गावोगाव फिरत असतो. पण शब्दाचे मूळ तसे नाही. फ्रेंच भाषेत दिवसास किंवा दिवसभराच्या कामास जो शब्द आहे त्यावरून तो आला. उमेदवारी पुरी केलेला, हातात कसब असलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला आणि दुसऱ्याच्या दुकानी रोजावर काम करणारा कारागीर, असा त्याचा जुना अर्थ. म्हणजे तो अडाणी नव्हे, नवशिकाही नव्हे. केवळ धनी नव्हे. वाचकांनी हा अर्थ ध्यानात ठेवावा, कारण आपणांपैकी बहुतेक ह्याच वर्गातले आहोत.

रायन फिट्झपॅट्रिक हा अशा खेळाडूंपैकी एक विख्यात क्वार्टरबॅक. त्याचा जन्म १९८२ साली ॲरिझोना राज्यात झाला. त्याने हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन केले. तेथून ह्या खेळात थोडेच लोक जातात. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत २००५ साली २५५ जणांची निवड झाली, त्यांत त्याचा क्रमांक २५० वा होता. सेंट लुईस येथील रॅम्स संघाने त्यास घेतले ते तिसऱ्या फळीतला म्हणून. त्याच वर्षी २७ नोव्हेंबर रोजी ह्यूस्टन येथे पुढचे दोघे जायबंदी झाल्यामुळे तो प्रथमच मैदानात उतरला. अर्धा खेळ झाला तेव्हा त्याचा संघ ३ विरुद्ध २४ असा मागे होता. तो सामना रॅम्सनी जादा वेळात ३३ विरुद्ध २७ असा जिंकला. आता ह्याचे भाग्य उघडले असे कोणासही वाटले असते.

पण तसे घडले नाही. एकूण १७ हंगामांत तो नऊ संघांतून खेळला : सेंट लुईस, सिनसिनाटी, बफेलो, टेनेसी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क, टॅम्पा, मायामी आणि वॉशिंग्टन. नऊ संघांसाठी आरंभापासून मैदानात उतरलेला क्वार्टरबॅक ह्या लीगच्या इतिहासात त्याच्यापूर्वी झाला नव्हता. त्याने जवळजवळ ३५,००० यार्ड चेंडू फेकला आणि २२३ टचडाउन त्याच्या फेकीतून झाले. परंतु त्याने आरंभ केलेल्या १४७ सामन्यांपैकी ५९ जिंकले, ८७ हरले आणि एक बरोबरीत सुटला. हंगामाच्या अखेरीस उत्तम संघांची जी बाद फेरी होते, जिच्या शेवटी विजेता ठरतो, तिच्यात तो एकदाही खेळला नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही. त्याच्या जगात ज्यास फळ म्हणतात ते हेच होते, आणि ते त्याला मिळाले नाही.

फळाची चंचलता पाहावयाची तर ह्या चरित्राची कोणतीही दोन पाने उलगडावी. २०११ साली बफेलोचा संघ त्याच्या नेतृत्वाखाली सहांपैकी चार सामने जिंकून पुढे होता. ऑक्टोबरच्या अखेरीस संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, ५ कोटी ९० लक्ष डॉलरांपर्यंतचा करार केला. त्यानंतरचा सामनाही संघाने जिंकला. मग उरलेल्या नऊ सामन्यांपैकी आठ हरले, आणि २०१३ च्या मार्चमध्ये, म्हणजे दीड वर्ष पुरे होण्याच्या आत, त्यास निरोप मिळाला. २०१८ साली टॅम्पा येथे हंगामाच्या पहिल्या तीन सामन्यांत त्याने प्रत्येकी ४०० यार्डांहून अधिक चेंडू फेकला. लागोपाठ तीन सामन्यांत असे त्यापूर्वी कोणीही केले नव्हते. चौथ्या सामन्यात, मध्यंतरानंतर, त्यास बाकावर बसविण्यात आले. मान आणि अपमान ह्यांत सहा दिवसांचे अंतर होते.

येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो. हे सर्व व्यर्थ गेले काय? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी फळ म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. तो वेळेवर, योग्य उंचीवर, योग्य माणसाकडे फेकणे हे त्याचे काम. तो झेलला जाणे हे दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून. गुण होणे हे त्याच्यासाठी वाट अडवून धरणाऱ्या पाच दांडग्या सोबत्यांवर अवलंबून. सामना जिंकणे हे आपल्या बचावफळीवर, प्रतिपक्षावर, वाऱ्यापावसावर अवलंबून. बाद फेरी गाठणे तर आपण ज्यांच्याशी खेळतही नाही अशा दूरच्या संघांच्या हारजितीवरही अवलंबून. म्हणजे पायरी पायरीने फळ कर्त्याच्या हातातून निसटत जाते, आणि जेथे लोक टाळ्या वाजवितात त्या शेवटच्या पायरीवर त्याचा हात जवळजवळ नसतोच. असे असूनही नोंदवहीत हार लिहिली जाते ती त्याच्या नावावर. ‘५९ जिंकले, ८७ हरले’ हे वाक्य एका माणसाविषयी बोलल्यासारखे वाटते. खरे तर ते शेकडो माणसांविषयीचे आहे.

तेव्हा व्यर्थतेचा जो निवाडा आपण करतो तो बहुधा चुकीच्या ठिकाणी करतो. जे कर्त्याच्या हाती होते ते त्याने केले की नाही, हा प्रश्न न विचारता, जे त्याच्या हाती नव्हते ते घडले की नाही, हे आपण विचारतो. शेतकऱ्याने नांगरट केली, बी पेरले, राखण केली आणि पाऊस आला नाही. त्याचे शेत उजाड राहिले हे खरे. पण त्याची नांगरट खोटी होती असे कोण म्हणेल?

परंतु एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे, कारण ह्या विवेकाआड आळस आणि अहंकार दोघेही लपू शकतात. ‘मी माझे केले, फळ दैवाधीन’ असे म्हणून मनुष्य स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालतो. फिट्झपॅट्रिकच्या आयुष्यातील एक दिवस ह्या बाबतीत बोलका आहे. २०१५ चा हंगाम त्याच्या उत्कर्षाचा होता. न्यूयॉर्कच्या जेट्स संघासाठी त्याने ३१ टचडाउन फेकले. त्या संघात एका हंगामात इतके पूर्वी कोणी फेकले नव्हते. दहा सामने जिंकून झाले होते. ३ जानेवारी २०१६ रोजी शेवटचा सामना बफेलो येथे, त्याच्याच जुन्या संघाविरुद्ध होता. तो जिंकला तर बाद फेरी निश्चित होती. शेवटच्या पाव भागात त्याने फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने एकदा नव्हे, तीनदा मध्येच झेलला. सामना १७ विरुद्ध २२ असा हरला आणि दार बंद झाले ते कायमचेच.

येथे पाऊस आला नाही असे म्हणता येत नाही. येथे नांगर धरणारा हातच चुकला. फळ तर गेलेच, पण कर्मही सदोष झाले. मग अशा वेळी काय? आम्हांस असे वाटते की फळाविषयीच्या अनासक्तीहून एक कठीण अनासक्ती आहे, आणि ती स्वतःच्या चुकीविषयीची होय. चूक पाहावी, पुरी पाहावी, तिच्यातून शिकावयाचे ते शिकावे. पण तिच्यात घर करून राहू नये. जो माणूस आपल्या चुकीस कवटाळून बसतो तोही एका परीने स्वतःचीच पूजा करीत असतो. त्यापुढचा हंगाम फिट्झपॅट्रिकला आणखी वाईट गेला. सप्टेंबर २०१६ मधील एका सामन्यात त्याचा चेंडू सहा वेळा प्रतिपक्षाच्या हाती गेला. आणि दोनच वर्षांनी टॅम्पाचे ते तीन सामने झाले. चुकीचे ओझे वाहत राहिलेल्या हाताने ते झाले नसते.

दुसरा प्रश्न निष्ठेचा. ज्याने नऊ धन्यांची चाकरी केली, तो कोणाशी एकनिष्ठ होता? २०१३ साली तो टेनेसीच्या संघाचा सेनापती. २०१४ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनकडून खेळताना त्याच टेनेसीविरुद्ध एका सामन्यात सहा टचडाउन फेकतो. काल ज्यांच्याबरोबर जेवला त्यांनाच आज हरवितो. ही बेइमानी नव्हे काय?

ह्याचे उत्तर त्याच्या दैनंदिन कामात सापडते. प्रत्येक संघाची डावपेचांची भाषा निराळी असते. तीच चाल एका संघात एका नावाने, दुसऱ्यात दुसऱ्याच नावाने ओळखली जाते. एका चालीचे नाव दहा-बारा शब्दांचे असू शकते. प्रशिक्षक ते क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील यंत्रातून सांगतो आणि चालीपूर्वीची शेवटची पंधरा सेकंद उरली की यंत्र मुके होते. मग त्याने ते इतर दहा जणांस अचूक सांगावयाचे. संघ बदलला की ही सारी भाषा विसरून नवी शिकावयाची. जोश जॉन्सन नावाच्या दुसऱ्या एका क्वार्टरबॅकचे उदाहरण ह्याहून मोठे आहे. त्याचे नाव १४ संघांच्या पटावर लागले, इतके ह्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाचेही लागलेले नाही. २००८ साली निवड झालेल्या ह्या माणसास स्वतः आरंभ केलेल्या सामन्यातला पहिला विजय मिळाला तो १६ डिसेंबर २०१८ रोजी, वॉशिंग्टनकडून खेळताना. त्या संघात येऊन त्यास दोन आठवडेही झाले नव्हते. नव्या सोबत्यांची नावे तोंडपाठ व्हावीत म्हणून तो त्या संघाचा संगणकावरील खेळ खेळत असे.

ज्या घरात आपण वर्षभर राहणार त्या भाड्याच्या घराचे अंगण झाडणारा मनुष्य कसा असतो? त्या घरावर आपले नाव लागणार नाही हे त्याला ठाऊक असते. तरी तो झाडतो, कारण अंगण मळलेले आहे आणि आज तेथे राहणारा तो आहे. कर्तव्य हे मालकीस चिकटलेले नसते, ते स्थानास आणि काळास चिकटलेले असते. ज्या दिवशी ज्या जागी आपण आहोत, त्या दिवशी त्या जागेचे काम पुरे आपले. उद्या जागा बदलली तर काम बदलेल. निष्ठेचा प्रकार बदलणार नाही. नऊ संघांचा चाकर म्हणून ज्यास लोक हसले असतील, तो कदाचित एकाच गोष्टीशी सतरा वर्षे एकनिष्ठ होता, आणि ती म्हणजे समोर आलेले काम.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. जो आपली जागा घेणार आहे त्यास शिकवावे काय?

२०२० साली मायामीच्या संघाने तुआ तागोवायलोआ ह्या तरुण क्वार्टरबॅकची निवड केली. सर्व देशात पाचव्या क्रमांकावर तो निवडला गेला होता. फिट्झपॅट्रिक तेव्हा ३७ वर्षांचा होता. आपण ह्या मुलाची जागा राखून बसलो आहोत, हे तो जाणून होता. तरी काम त्याच्याकडे होते आणि ते चांगले चालले होते. १८ ऑक्टोबरला त्याच्या संघाने प्रतिपक्षास एकही गुण न देता २४ गुणांनी विजय मिळविला. दोनच दिवसांनी निर्णय बाहेर आला की ह्यापुढे तुआ खेळेल. पत्रकारांपुढे आल्यावर फिट्झपॅट्रिकने तत्त्वज्ञान सांगितले नाही. आपल्याला धक्का बसला, दिवसभर काळीज दुखत होते, असे त्याने उघडपणे कबूल केले. आणि त्या तरुणास जमेल ते साहाय्य करीन, असेही सांगितले.

येथे थोडे थांबावे. अनासक्ती म्हणजे काही न वाटणे, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ज्याचे काळीज दुखते तो आसक्त आणि ज्याचे दुखत नाही तो विरक्त, असा आपण ठोकळ हिशेब करतो. पण दगडाचेही काळीज दुखत नाही, त्यास कोणी विरक्त म्हणत नाही. ज्याने काम मन ओतून केले त्याला ते काढून घेतल्यावर दुःख व्हावयाचेच. प्रश्न दुःख झाले की नाही हा नाही, त्या दुःखाने हात आखडला की नाही हा आहे. मनातली वेदना कामात उतरू न देणे, एवढेच मनुष्याच्या हाती असते, आणि एवढे साधले तर पुष्कळ साधले.

त्याची परीक्षा लवकरच झाली. २६ डिसेंबर २०२० रोजी लास व्हेगास येथील सामन्यात तुआचे काही जमेना. शेवटच्या पाव भागात फिट्झपॅट्रिकला उठविण्यात आले. एकोणीस सेकंद उरली असताना प्रतिपक्ष २५ विरुद्ध २३ असा पुढे गेला. पुढच्या चालीत समोरच्याने त्याच्या शिरस्त्राणाची जाळी धरून मान फिरविली. समोरचे दिसत नसताना त्याने चेंडू फेकला आणि तो ३४ यार्डांवरील सोबत्याच्या हाती पडला. मग संघाने लाथेने मारलेल्या चेंडूवर तीन गुण घेतले आणि सामना २६ विरुद्ध २५ असा जिंकला. जो माणूस अपमान उगाळीत बाकावर बसला असता, त्यास मनाची तयारी ठेवता आली नसती. त्याने विजय मिळवून दिला तो एका अर्थी त्याची जागा घेणाऱ्याच्या वतीने. कारण पुढचा सामना पुन्हा तुआनेच सुरू करावयाचा होता. त्या पुढच्या सामन्यास, बाद फेरीचे दार उघडू शकणाऱ्या त्या दिवशी, फिट्झपॅट्रिक कोरोनाची बाधा झाल्यामुळे मैदानाजवळही जाऊ शकला नाही. संघ हरला आणि बाद फेरीबाहेर राहिला.

आता ह्या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो आलाच पाहिजे. कोणी म्हणेल, हे तत्त्वज्ञान धन्याच्या सोयीचे आहे. चाकराने फळाची अपेक्षा करू नये, निमूटपणे नऊ घरे बदलावीत, आपल्या जागी येणाऱ्यास शिकवावे आणि वही परत करून निघून जावे. संघाचे मालक मात्र फळ मोजीत बसतील! हा आक्षेप पोकळ नाही. लीगमध्ये निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास तीन मान्य हंगाम भरावे लागतात. दोन हंगामांनंतर ज्यास निरोप मिळाला त्याच्या पदरी तो हक्क नाही. डोक्यास वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे मेंदूस होणारी इजा लपविली गेली, असा दावा हजारो निवृत्त खेळाडूंनी लीगवर केला, आणि त्यातील तडजोडीस २०१५ साली न्यायालयाने अंतिम मान्यता दिली. अशा ठिकाणी ‘फळाकडे पाहू नका’ असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल.

म्हणून येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली ही की, वेतन आणि फळ एक नव्हेत. वेतन, उपचार, म्हातारपणची तरतूद ही कामाची ठरलेली किंमत आहे. ती न्यायाची बाब आहे आणि ती मागणे हेही कर्तव्यच आहे. फिट्झपॅट्रिकने २०१६ साली आपल्या वेतनासाठी संघाशी महिनोन्‌महिने घासाघीस केली आणि जुलैअखेर करार झाला. त्यात काही गैर नाही. त्याच्या ठायी निस्पृहता होती असे म्हणण्यासाठी त्यास भिकारी ठरविण्याची गरज नाही. त्याने कोट्यवधी डॉलर मिळविले, हे सांगून टाकणेच बरे. पण पैसा घेऊनही मनुष्य आपल्या कामाचे मोल जयपराजयावर ठेवू शकतो किंवा न ठेवू शकतो. तो प्रश्न पैशाने सुटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फळाची आस सोडण्याचा उपदेश मनुष्याने स्वतःस करावयाचा असतो, दुसऱ्यास नव्हे. धन्याने चाकरास, सासूने सुनेस, मोठ्याने लहानास तो केला म्हणजे तो उपदेश राहत नाही, ती लबाडी होते. दुसऱ्याच्या बाबतीत आपले काम एवढेच की त्याच्या श्रमाचे फळ त्याच्या पदरात पडेल अशी व्यवस्था करावी. स्वतःविषयी निस्पृहता आणि दुसऱ्याविषयी न्यायाचा आग्रह, ही दोन्ही एकत्र असतील तरच ह्या विचारास अर्थ आहे. ह्यांपैकी एकच धरले तर एक ढोंग होते किंवा दुसरा हावरेपणा.

फिट्झपॅट्रिकच्या कारकिर्दीचा शेवट भव्य झाला नाही. १२ सप्टेंबर २०२१ रोजी, वॉशिंग्टनकडून पहिल्याच सामन्यात, अवघे सहा चेंडू फेकल्यावर त्याच्या नितंबाच्या सांध्यास दुखापत झाली. तो पुन्हा मैदानात उतरला नाही आणि २०२२ च्या जूनमध्ये त्याने निवृत्ती पत्करली. पण त्यापूर्वी एक प्रसंग घडला. १५ जानेवारी २०२२ रोजी बफेलो येथे बाद फेरीचा सामना होता. रात्रीची थंडी गोठणबिंदूच्याही बरीच खाली गेली होती. ज्या संघाने नऊ वर्षांपूर्वी त्याचा मोठा करार मोडून त्यास निरोप दिला होता, त्या संघाचा तो सामना. प्रेक्षकांच्या गर्दीत, अंगातला सदरा काढून, मुलांसह, आनंदाने ओरडत तो उभा असलेला लोकांनी पाहिला. बफेलोने ४७ विरुद्ध १७ असा मोठा विजय मिळविला. सतरा वर्षे ज्या फेरीत उतरण्याची त्यास संधी मिळाली नाही, ती फेरी तो तिकिटाच्या जागेवरून पाहत होता, आणि ज्यांना ती मिळाली होती त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत होता.

आरंभी घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या थंडीतल्या माणसात दिसते. त्याचे कर्म व्यर्थ गेले असते तर त्याच्या मनात कटुता उरली असती. फळ हुकल्यामुळे कर्म व्यर्थ होत नाही. ज्या कर्माने करणाऱ्यास मत्सरी, आखडलेला, दुसऱ्याच्या सुखाने पोळणारा करून सोडले, ते कर्म फळ मिळूनही व्यर्थ गेले. आणि ज्याने त्यास इतके मोकळे केले की दुसऱ्याच्या अंगणातला आंबा पाहून त्याला गोड वाटले, ते कर्म फळावाचूनही पुरे झाले.

आपणांपैकी बहुतेकांस दुसऱ्याच्या दुकानी रोजावर काम करावयाचे आहे. आपल्या खुर्चीवर उद्या दुसरा बसणार आहे, आपल्या स्वयंपाकघरातली भांडी उद्या दुसरी कोणी मांडणार आहे. वही परत मागण्याचा दिवस प्रत्येकाचा ठरलेला आहे. तारीख तेवढी ठाऊक नाही. त्या दिवशी वहीत काय मिळविले ते कोणी वाचणार नाही. ती नीट लिहिलेली असावी, आणि पुढे जो ती हाती घेईल त्यास वाचता यावी, एवढी काळजी आज आपण घेऊ शकतो.